कार्डाच्या कायद्यात बंदूक कशी आली

अमेरिकेतल्या क्रेडिट कार्डच्या कायद्यात एक कलम बंदुकीचं आहे असं मी कोणाला सांगितलं की समोरच्याला वाटतं हिने काहीतरी भलतंच वाचलंय. पण ते खरंच आहे. २००९ चा तो कायदा, ज्याला इथे सगळे कार्ड अ‍ॅक्ट म्हणतात, त्याच्या अगदी शेवटच्या भागात जा. कलम ५११ घरकर्जाचे नियम करण्याच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या अधिकाराबद्दल आहे. कलम ५१३ म्हणतं की इंग्रजी नीट येणं-न येणं आणि पैशाचे व्यवहार समजणं याचा काय संबंध आहे त्याचा अभ्यास करा. आणि या दोघांच्या मधे कलम ५१२, ज्यात म्हटलंय की माणसाला कायद्याने बंदूक ठेवायला बंदी नसेल आणि त्या राज्याच्या कायद्यात बसत असेल तर नॅशनल पार्कमध्ये आणि वन्यजीव अभयारण्यात बंदूक बाळगायला सरकारने मनाई करायची नाही. वर घरकर्ज, खाली इंग्रजी, मधे बंदूक. बादरायण संबंधसुद्धा लावता येत नाही.

आता आधीच सांगते, बंदुकीवर माझं जे काही मत आहे ते बाजूला ठेवून मी हे लिहितेय. पार्कमध्ये बंदूक असावी असं मनापासून वाटणारे लोक आहेत, माझ्या ऑफिसातही आहेत, आणि त्यांचा मुद्दा ऐकण्यासारखा असतो, की बाबा मी लायसन्सवाला माणूस आहे, राज्याच्या रस्त्यावरून पार्कच्या रस्त्यावर गाडी गेली की त्याच क्षणी मी गुन्हेगार कसा होतो. ठीक आहे ना, मग त्यावर बिल आणा, कमिटीत चर्चा करा, पार्क रेंजर्सना बोलवा, मतदान घ्या. माझा संताप याचा आहे की ते माझ्या व्याजदराला बांधून आणलं.

व्याजदराचं म्हणते कारण आमच्यासारख्या बाहेरून आलेल्या लोकांसाठी क्रेडिट कार्ड ही चैन नसते. इथे आलात की तुमची क्रेडिट हिस्टरी, म्हणजे आधीची कर्जं कशी फेडलीत त्याची नोंद, कोरी, घर भाड्याने घ्यायला त्यावरून काढलेला स्कोअर विचारतात, गाडीला विचारतात, फोनच्या कनेक्शनला पण विचारतात, मग जे कार्ड मिळेल ते घ्यायचं, त्याच्यावर जो रेट देतील तो मुकाट्याने घ्यायचा आणि स्कोअर बनवत बसायचं. आणि २००९ च्या आधी या कार्डवाल्यांना जवळजवळ काहीही करायची मोकळीक होती. तुम्ही आधीच खर्च केलेल्या, आधीच्या रेटने घेतलेल्या पैशावर ते उद्या रेट वाढवू शकायचे. तुम्ही दुसऱ्याच कुठल्यातरी बँकेचा हप्ता उशिरा भरला तर ही बँक त्या कारणाने तुमचा रेट वाढवायची.

सगळ्यात जास्त डोक्यात जाणारा प्रकार पेमेंट कुठे जमा होतं त्याचा होता. समजा एकाच कार्डावर थोडे पैसे शून्य टक्क्याच्या ऑफरवर ट्रान्सफर करून आणलेत आणि थोडी खरेदी नेहमीच्या चढ्या व्याजाने केलीय. तुम्ही दर महिन्याला मिनिममपेक्षा बरेच जास्त पैसे भरताय, मनात हिशोब असा की महागडं कर्ज आधी फिटेल. बँक मात्र ते सगळे पैसे शून्य टक्केवाल्या भागात टाकायची. महागडा भाग तसाच्या तसा, वर व्याज चढत राहणार, आणि स्वस्त भाग पूर्ण फिटेपर्यंत तुम्ही त्याला हात लावू शकत नाही. हे सगळं कायदेशीर होतं, बारीक अक्षरात छापलेलं होतं.

कार्ड अ‍ॅक्टने हे बदललं. मिनिममच्या वरची रक्कम आधी सगळ्यात जास्त व्याजाच्या भागाला गेली पाहिजे. जुन्या बाकीवर रेट वाढवायचा नाही, अपवाद म्हणजे तुम्ही ६० दिवस थकलात तर, किंवा आधीच ठरलेल्या ऑफरची मुदत संपली वगैरे. नवीन खरेदीवर वाढवायचा असेल तर ४५ दिवस आधी कळवायचं. स्टेटमेंट ड्यू डेटच्या किमान २१ दिवस आधी पाठवायचं, ड्यू डेट दर महिन्याला तीच. लिमिटच्या वर गेल्याची फी तुम्ही आधी हो म्हटल्याशिवाय लावायची नाही. २१ वर्षांच्या आतल्या मुलांना स्वतःचं उत्पन्न दाखवल्याशिवाय किंवा मोठ्या माणसाची सही असल्याशिवाय कार्ड नाही. गिफ्ट कार्ड किमान ५ वर्षं चाललं पाहिजे.

आणि तुमच्या स्टेटमेंटवरचा तो चौकोन, मिनिमम पेमेंट वॉर्निंगवाला, तो पण याच कायद्याचा. फक्त मिनिमम भरत राहिलात तर इतकी वर्षं लागतील आणि एकूण इतके डॉलर जातील, आणि ३ वर्षांत संपवायचं असेल तर महिन्याला इतके भरा. मी दर महिन्याला तो चौकोन बघते, बाकी शून्य असली तरी बघते. एवढ्याशा दोन ओळींत माणसाला त्याची खरी परिस्थिती दाखवणारं दुसरं काही सरकारी छापील मी तरी पाहिलेलं नाही. नंतर अर्थतज्ज्ञांनी अभ्यास करून काढलं की या कायद्यामुळे कार्डधारकांचे वर्षाला साधारण ११.९ अब्ज डॉलर वाचले. म्हणजे कायदा कामाचा होता, चांगला होता, आणि म्हणूनच त्याच्या पाठीवर दुसरं ओझं टाकायचा मोह झाला, कारण जे बिल पडणारच नाही त्यालाच असलं काही चिकटवतात.

कसं चिकटवलं ते बघा. रीगनच्या काळातला, १९८० च्या दशकातला नियम असा होता की नॅशनल पार्कमध्ये बंदूक न्यायची तर गोळ्या काढून, बांधून, सहज हाताशी येणार नाही अशी ठेवायची. बुश सरकारने अगदी जाता जाता, डिसेंबर २००८ मध्ये, तो सैल केला आणि राज्याचा परवाना असेल तर लपवून जवळ ठेवायला परवानगी दिली. बंदुकांवर निर्बंध मागणाऱ्या आणि पार्कांसाठी काम करणाऱ्या संस्था कोर्टात गेल्या, आणि १९ मार्च २००९ ला वॉशिंग्टनच्या फेडरल कोर्टात न्यायाधीश कॉलीन कोलर-कोटेली यांनी त्या नियमाला स्थगिती दिली, मुद्दा हा की पर्यावरणावर काय परिणाम होईल याचा अभ्यास सरकारने केलाच नव्हता. म्हणजे प्रश्न कोर्टासमोर होता, जिथे असायला हवा तिथे होता. दोन महिने पण झाले नाहीत आणि १२ मे ला ओक्लाहोमाचे रिपब्लिकन सिनेटर टॉम कोबर्न यांनी तोच प्रश्न उचलून क्रेडिट कार्डच्या बिलात आणून बसवला, आणि ती अमेंडमेंट, म्हणजे बिलातली दुरुस्ती, सिनेटमध्ये ६७ विरुद्ध २९ ने पास झाली. स्थगिती उठवायची गरजच उरली नाही. आणि मूळ नियमापेक्षा हे पुढचं होतं, लपवून ठेवण्याचा मुद्दाच गेला, राज्याच्या कायद्यात चालत असेल तर उघड नेली तरी चालेल.

कोबर्न हे तेच गृहस्थ ज्यांनी मोठ्या बिलांमध्ये गुपचूप घुसवलेल्या निधीच्या तरतुदींविरुद्ध वर्षानुवर्षं एकट्याने किल्ला लढवला. अलास्कातल्या मोजक्याच वस्तीच्या बेटाकडे जाणाऱ्या त्या बदनाम पुलाच्या पैशांना त्यांनी २००५ मध्ये विरोध केला होता तेव्हा स्वतःच्या पक्षातल्या ज्येष्ठांचा रोष पत्करला. त्या लढाईबद्दल मला त्यांच्याविषयी आदर आहे. म्हणूनच जास्त लागतं, की बिलात जे नको ते घुसवणं किती वाईट हे ज्याला सगळ्यात चांगलं माहीत होतं त्यानेच हे केलं.

आणि आता जे सांगणार आहे ते मला सगळ्यात जास्त सलतं. बंदूक पास झाली १२ तारखेला. दुसऱ्याच दिवशी, १३ मे ला, व्हरमाँटचे सिनेटर बर्नी सँडर्स यांची अमेंडमेंट आली की क्रेडिट कार्डचं व्याज १५ टक्क्यांच्या वर जाता कामा नये. क्रेडिट कार्डच्या बिलात क्रेडिट कार्डच्या व्याजाबद्दलची अमेंडमेंट, याहून विषयाला धरून दुसरं काय असणार! ती ३३ विरुद्ध ६० ने पडली. आता १५ टक्क्यांची मर्यादा बरोबर की चूक यावर वाद होऊ शकतो, मर्यादा घातली तर कमी स्कोअरवाल्यांना, म्हणजे नवीन आलेल्या आमच्यासारख्यांना, बँका कार्डच देणार नाहीत असंही म्हणणारे आहेत आणि त्यात तथ्य असू शकतं, पण तो वाद त्या बिलाचा होता ना! त्या वादासाठीच तर सगळे तिथे बसले होते. तरी त्या आठवड्याच्या बातम्या काढून बघा, हेडलाइन बंदुकीची. माझ्या ओळखीतल्या लोकांना पार्क आणि बंदूक आठवतं, १५ टक्क्यांवर मतदान झालं होतं हे एकालाही आठवत नाही.

सिनेटने १९ मे ला पूर्ण बिल ९० विरुद्ध ५ ने पास केलं आणि ते हाउसकडे, म्हणजे संसदेच्या दुसऱ्या सभागृहाकडे गेलं. हाउसने हेच बिल, न्यूयॉर्कच्या कॅरोलिन मलोनी यांनी आणलेलं, एप्रिलच्या शेवटी ३५७ विरुद्ध ७० ने बंदुकीशिवाय आधीच पास केलेलं होतं. आता काय करायचं? ओबामांना मेअखेरच्या मेमोरियल डेच्या सुट्टीआधी बिल सहीला हवं होतं. परत सिनेटशी घासाघीस करत बसायचं तर बिल लटकणार. तेव्हा हाउसच्या नेत्यांनी एक तोड काढली, २० मे ला त्याचे दोन तुकडे करून वेगवेगळं मतदान घेतलं. कार्डाचा भाग ३६१ विरुद्ध ६४. बंदुकीचा भाग २७९ विरुद्ध १४७. मग दोन्ही परत एकत्र करून एकच कायदा म्हणून २२ मे ला सही झाली.

हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. ज्यांनी कार्डाला हो म्हटलं त्यातल्या कितीतरी जणांनी बंदुकीला नाही म्हटलं, आणि काहींनी उलटं केलं. म्हणजे हे दोन वेगळे प्रश्न होते आणि त्यांची वेगळी उत्तरं लोकप्रतिनिधींकडे होती, हे त्या एका दिवशी कागदावर आलं. सिनेटच्या शेवटच्या ९० विरुद्ध ५ मधून मात्र तुम्हाला काय कळतं? त्या ९० मधल्या माणसाला कार्डवाल्यांना लगाम घालायचा होता, की बंदूक हवी होती, की बंदूक नको होती पण कार्डासाठी गिळली, की कार्डाचा कायदा नको होता पण बंदुकीसाठी गिळला? मतदाराने आपला सिनेटर कसा आहे हे ओळखायचं एकमेव भरवशाचं साधन म्हणजे त्याचं मत, आणि तेच असं गढूळ करून ठेवायचं. मी तेव्हा इथे मतदान करू शकत नव्हते, आता करते, आणि म्हणूनच हा मुद्दा मला आता जास्त टोचतो.

हे होऊ शकतं कारण हाउसमध्ये नियम आहे की अमेंडमेंट विषयाला धरून पाहिजे, आणि सिनेटमध्ये तसा सरसकट नियमच नाही, काही ठरावीक प्रसंगी लागू होतो तेवढाच. राष्ट्राध्यक्षाला अख्खं बिल घ्यावं लागतं नाहीतर अख्खं परत पाठवावं लागतं. १९९६ मध्ये त्याला खर्चाच्या आणि करसवलतीच्या काही तरतुदी निवडून खोडायचा अधिकार देऊन बघितला, तो सुप्रीम कोर्टाने १९९८ मध्ये घटनाबाह्य ठरवला, आणि तो राहिला असता तरी बंदुकीच्या कलमाला लागू पडला नसता कारण त्यात पैशाचा प्रश्नच नव्हता. गंमत म्हणजे, नाही, गंमत कसली, वाईट वाटतं, की अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांच्या घटनांमध्ये एका बिलात एकच विषय हा नियम लिहिलेला आहे. राज्यांना जे जमतं ते वॉशिंग्टनला का जमत नाही याचं उत्तर मला माहीत आहे, त्यांना ते नकोय, कारण उद्या त्यांनाही आपलं घोडं दामटायला दुसऱ्याची गाडी लागणार असते.

आणि हा एका पक्षाचा रोग नाही. वैयक्तिक दिवाळखोरीचा कायदा कडक करायचं बिल २००२ मध्ये हाउसमध्ये अडलं ते डेमोक्रॅट सिनेटर चक शूमर यांच्या तरतुदीवरून. ती अशी होती की गर्भपात क्लिनिकबाहेर हिंसा करून ज्यांना दंड झाला त्यांना दिवाळखोरीत जाऊन तो दंड चुकवता येऊ नये. तिचा दिवाळखोरीशी संबंध तरी होता, तो मी मान्य करते, पण वाद झाला तो गर्भपातावर, कर्जात बुडालेल्या कुटुंबांचं काय होणार यावरची चर्चा बाजूला पडली, आणि २००५ मध्ये ते बिल त्या तरतुदीशिवाय पास झालं.

उलट बाजूही सांगायला हवी. आपला क्रेडिट रिपोर्ट बघायचा, त्यातली चूक दुरुस्त करून घ्यायचा हक्क ज्या १९७० च्या कायद्याने दिला तो स्वतःच दुसऱ्या बिलाच्या पाठीवर बसून आला होता, बँकांनी कोणते रेकॉर्ड ठेवायचे आणि परदेशी व्यवहार कसे कळवायचे अशा बिलाच्या. मी आजही तो हक्क वापरते. पण निदान दोन्हीकडे बँका आणि माणसांची आर्थिक माहिती हा धागा होता. कोणी म्हणेल चांगलं काही आत आलं की तुला चालतं. तसं नाही. ते बिल वेगळं आणलं असतं तर त्यावर वेगळी चर्चा झाली असती, आणि हे रिपोर्ट बनवणाऱ्या कंपन्यांवर, म्हणजे क्रेडिट ब्यूरोंवर, आणखी कडक नियम तेव्हाच आले असते की नाही, हा प्रश्न माझ्या मनात आहेच.

२००९ ला परत येते, कारण माझं वैयक्तिक भांडण तिथेच आहे. कायद्यातल्या बहुतेक मोठ्या तरतुदी लागू व्हायला ९ महिने दिले होते, २२ फेब्रुवारी २०१० पर्यंत. बंदुकीचं कलमही त्याच तारखेला लागू झालं. या मधल्या काळात बँकांनी हात धुवून घेतले. मी कधी एक हप्ता चुकवला नव्हता तरी शरद ऋतूत मला पत्र आलं, आपला व्याजदर वाढवत आहोत, मान्य नसेल तर कळवा, जुन्या रेटने बाकी फेडा पण खातं बंद होईल. कस्टमर केअरला फोन केला तर बाईंनी शांतपणे सांगितलं की बाजारातली परिस्थिती बदलली आहे, तुमच्या वागण्याशी याचा संबंध नाही. तेच तर माझं म्हणणं होतं! खातं बंद करावं तर माझं ते सगळ्यात जुनं कार्ड, एकूण लिमिट खाली येणार, स्कोअर पडणार आणि आम्ही नेमकं तेव्हा घरासाठी कर्ज बघत होतो. मी रेट मान्य केला. दुसरा रस्ता नव्हता.

हे ९ महिने कमी करावेत असं बिल नोव्हेंबर २००९ मध्ये हाउसने पास केलं, कारण एव्हाना सगळ्यांच्याच मतदारसंघांतून अशी पत्रं आलेले लोक ओरडत होते. सिनेटमध्ये ते पुढे सरकलंच नाही. मे महिन्यात ज्या सिनेटला नॅशनल पार्कसाठी वेळ काढता आला तिला त्या ९ महिन्यांच्या फटीवर, तेव्हा किंवा नंतर, धड लक्ष देता आलं नाही, आणि ती फट बुजवणं हेच खरं त्या बिलातलं उरलेलं काम होतं. बंदुकीमुळेच ती राहिली असं मी म्हणणार नाही, बँकांनीही तयारीला वेळ द्या म्हणून जोर लावला होता. पण सभागृहाचा वेळ आणि लोकांचं लक्ष दोन्ही मोजकं असतं, आणि ते कुठे गेलं ते आपण पाहिलं.

आता चक्र उलटं फिरतंय ते बघते. कार्ड स्वाइप केल्यावर दुकानदाराकडून जी फी कापतात तिच्यात स्पर्धा आणायचं बिल सिनेटर डिक डर्बिन आणि रॉजर मार्शल यांनी आणलंय, त्याला वेगळं मतदान काही मिळत नाही, म्हणून मार्शल यांनी २०२५ मध्ये ते डिजिटल चलनाच्या, स्टेबलकॉइनच्या बिलाला जोडायचा प्रयत्न केला. जमलं नाही, ते बिल त्याच्याशिवायच जुलैत कायदा झालं. त्या फीबद्दल दुकानदारांचं म्हणणं मला पटतं, तरी ते असं जोडून यावं असं मला वाटत नाही. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये सँडर्स आणि जॉश हॉली, डावे आणि उजवे दोन टोकाचे, एकत्र येऊन कार्डाचं व्याज ५ वर्षं १० टक्क्यांवर रोखायचं बिल घेऊन आले. त्यावर मी माझ्या दोन्ही सिनेटर्सना पत्र लिहिलंय. बिलाला पाठिंबा द्या असं त्यात लिहिलेलं नाही, माझं मत अजून पक्कं व्हायचंय. एवढंच लिहिलंय की हे मतदानाला आलं तर एकटं येऊ द्या, त्याला काही चिकटवायचा प्रस्ताव आला तर, मग तो मला आवडणारा असला तरी, विरोध करा, आणि तुम्ही हो म्हटलं की नाही ते मला नावानिशी कळू द्या. एकाकडून छापील उत्तर आलं, आर्थिक साक्षरतेचं महत्त्व सांगणारं. दुसऱ्यांच्या ऑफिसात मी पुढच्या आठवड्यात परत फोन करणार आहे.